तळ दाखवा, मग नाव सांगते

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा रिपोर्ट बहुतेक वेळा एका ओळीत संपतो: स्क्वेमस सेल कार्सिनोमा. तोंड, घसा, स्वरयंत्र या भागातले दहातले नऊ कॅन्सर याच जातीचे. विदर्भातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवताना खर्रा, गुटखा, मिश्री यांनी पोळलेल्या गालांच्या आणि जिभांच्या स्लाइड्स रोज माझ्या मायक्रोस्कोपखालून गेल्या. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली. पानठेल्यावर प्लास्टिकच्या तुकड्यात खर्रा घोटणं काही थांबलं नाही, आणि आमचं कामही. यातल्या बहुतेक स्लाइड्सना फार विचार लागत नाही. विचार लागतो तो उरलेल्या थोड्यांना. कूळ तेच, पण चेहरा निराळा: व्हेरुकस, क्युनिक्युलेटम, स्पिंडल सेल, बेसलॉइड, अ‍ॅडिनोस्क्वेमस, अ‍ॅकँथोलायटिक, पॅपिलरी. रेसिडेंट ही नावं परीक्षेपुरती पाठ करतात. त्यांना स्लाइडवर बसवून जे सांगत आले ते इथे लिहिते आहे. रुग्णाच्या घरच्यांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

१. तुकडा वरवरचा आला, तर रिपोर्टही वरवरचाच जाणार.

व्हेरुकस कार्सिनोमा म्हणजे गालफडात किंवा हिरडीवर, जिथे तंबाखूची गोळी वर्षानुवर्षे धरली जाते तिथे, हळूहळू वाढणारी पांढरी, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या लॉरेन अ‍ॅकरमन या पॅथॉलॉजिस्टने १९४८ साली हिला वेगळं ओळखलं. हिची खोड अशी की पेशी एकेकट्या पाहिल्या तर अगदी सभ्य दिसतात. केंद्रकं नीटनेटकी, विभाजन फक्त तळाशी, वर केराटिनचे थरावर थर. कॅन्सर आहे तो तिच्या चालीत. साधा स्क्वेमस कॅन्सर खाली बारीक बारीक बेटं सोडत घुसतो. ही गाठ आपला सगळा रुंद तळ एकदम खाली दाबत नेते. ती चाल तळाशीच दिसते. वरचा शेंडा चिमट्यात आला तर मला दिसतो केराटिनचा ढीग आणि जाड झालेली त्वचा. मग मी लिहिणार, ‘हायपरप्लेसिया, या तुकड्यात कॅन्सर दिसत नाही.’ शब्दन् शब्द खरा, आणि रुग्णाच्या काही कामाचा नाही.

म्हणून सर्जनला माझं एकच मागणं असे: गाठीची कड द्या, शेजारची चांगली त्वचा सोबत येऊ द्या, आणि खालचं मांस दिसेल इतकं खोल जा. हे बोलायला सोपं आहे. सबम्युकस फायब्रोसिस झालेल्या तोंडात दोन बोटं जात नाहीत, तिथे बायोप्सीचा पंच आत कसा वळवायचा हे त्या डॉक्टरलाच ठाऊक.

आणि खरी अडचण बाहेर, बाकावर बसलेली असते. ‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. पहिली बायोप्सी ‘काही नाही’ म्हणून परत गेली, गाठ मात्र वाढत राहिली, की घरचे हिशेब मांडतात तो असा: आधी लहान होतं, यांनी कापलं, मग वाढलं. दुसऱ्या बायोप्सीला ते येत नाहीत, आणि येतात तेव्हा गालाला भोक पडलेलं असतं. ही समजूत घालवायला व्याख्यानं कमी पडतात. पहिलाच तुकडा खोल घेतला तर ती जन्मालाच येत नाही.

२. सम्राटाचा तुकडाही वरवरचाच होता.

हा धडा मी वर्गात दोन बड्या माणसांच्या गोष्टीतून शिकवत असे, कारण मुलं गोष्ट विसरत नाहीत. १८८७ साली जर्मनीच्या युवराज फ्रेडरिकचा आवाज बसला. स्वरयंत्रात गाठ होती. जर्मन सर्जन स्वरयंत्र उघडून शस्त्रक्रियेच्या तयारीत होते. इंग्लंडहून आलेल्या मोरेल मॅकेंझी या घशाच्या डॉक्टरने आधी तुकडा तपासा म्हटलं, तुकडे काढले, आणि ते गेले थेट रुडॉल्फ फिरकोकडे. आधुनिक पॅथॉलॉजीचा पाया घालणारा हा माणूस. त्याला त्यात कॅन्सर दिसला नाही. शस्त्रक्रिया टळली. पुढच्या मार्चमध्ये फ्रेडरिक सम्राट झाला, ९९ दिवस गादीवर राहिला आणि १५ जून १८८८ रोजी वारला. शवविच्छेदनात कॅन्सर निघाला. तो व्हेरुकस किंवा मिश्र जातीचा असावा, असं पुढे काही जाणकारांनी सुचवलं. त्यावर एकमत नाही. तो जगला असता तर युरोपचा इतिहास बदलला असता का, यात इतिहासवाल्यांना रस. मला रस फिरकोच्या रिपोर्टमध्ये आहे. माझ्यापुढे आलेल्या तुकड्यांवरून सगळ्या आजाराबद्दल खात्रीने सांगता येणार नाही, अशा आशयाचं वाक्य त्याने त्यात घातलं होतं. वाचणाऱ्यांनी ते वाक्य सोडून बाकीचं वाचलं.

दुसरा माणूस अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड. टाळूवर गाठ. देशात आर्थिक घबराट, त्यात ही बातमी नको, म्हणून १ जुलै १८९३ रोजी ‘ओनाइडा’ नावाच्या खासगी नौकेवर, चालत्या बोटीत, त्याच्या वरच्या जबड्याचा भाग काढला. बाहेर सांगितलं की दात काढले. चमूतल्या विल्यम कीन या सर्जनने १९१७ साली सगळी हकिगत छापली. ती गाठ फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात जपलेली आहे. पुढे तज्ज्ञांनी ती पुन्हा तपासली आणि १९८० साली निदान प्रसिद्ध केलं: व्हेरुकस कार्सिनोमा. क्लीव्हलँड शस्त्रक्रियेनंतर पंधरा वर्षं जगला. गाठ पुरती निघाली, आणि जात अशी की ती मानेच्या गाठींत जात नाही. बोटीवर ऑपरेशन करा, असं मी रेसिडेंटना सुचवत नाही.

३. ‘व्हेरुकस’ हे अंतिम निदान पूर्ण गाठ हातात आल्याशिवाय लिहायचं नाही.

हे मला सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागलं आहे. निखळ व्हेरुकस मानेतल्या लिम्फ नोडमध्ये जात नाही, त्यामुळे अशा रुग्णाची मान सहसा उघडावी लागत नाही. पण निखळ किती असतात? १९८४ साली मेडिना आणि सहकाऱ्यांनी तोंडातल्या व्हेरुकस गाठी बारकाईने तपासल्या, तेव्हा सुमारे २० टक्के गाठींत कुठे ना कुठे साध्या स्क्वेमस कॅन्सरचं बेट लपलेलं निघालं. अशी मिश्र गाठ साध्या कॅन्सरसारखी वागते, तिचे उपचारही तसेच करायचे.

आता दुसरं पारडं पाहा. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०१५ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध केली. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा आहे, मानेला गाठ लागत नाही, अशा रुग्णांत मान आत्ताच साफ करावी की गाठ आल्यावर? आत्ताच केलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, थांबलेल्यांत ६७.५ टक्के. म्हणजे छोट्या बायोप्सीवरून मी ‘व्हेरुकस’ लिहून मोकळी झाले आणि त्या भरवशावर मान सोडली गेली, तर आत एखादं बेट असलेल्या रुग्णाचा हा फायदा माझ्या एका शब्दाने गेला. म्हणून बायोप्सीवर लिहायचं, ‘व्हेरुकस प्रकारची वाढ, अंतिम निदान पूर्ण गाठ तपासून.’ आणि गाठ आली की ती कापायच्या, म्हणजे ग्रॉसिंगच्या, टेबलावर कंजुषी करायची नाही. लहान असेल तर सगळीच मेणाच्या ब्लॉकमध्ये घालायची. टेक्निशियन कुरकुरतात, मायक्रोटोमवर काम वाढतं. कुरकुर ऐकून घ्यायची.

मोजमापही इथेच चुकतं. स्टेजिंगच्या सध्याच्या पद्धतीत तोंडाच्या कॅन्सरची खोली धरतात: ५ मिलिमीटरपर्यंत एक पायरी, १० पर्यंत दुसरी. ही खोली गाठीच्या शेंड्यापासून मोजायची नसते. शेजारच्या चांगल्या त्वचेच्या पातळीवरून एक रेघ धरायची आणि तिथून खाली मोजायचं. व्हेरुकस बाहेरच्या बाजूला दीड-दोन सेंटिमीटर वाढलेली असते. शेंड्यापासून पट्टी लावली तर विनाकारण स्टेज चढते.

शेकाबद्दल एक प्रश्न हमखास येतो. व्हेरुकसला रेडिएशन दिलं की ती चवताळते, असं जुन्या पुस्तकांत आहे. त्यातल्या कितीतरी गाठी मुळातच मिश्र असाव्यात, असं आता मानतात. शस्त्रक्रिया पहिली हे खरं. पण ज्याला ती झेपणार नाही, त्याला शेकाची भीती घालू नये.

४. फॉर्म कोरा आला, तर फोन उचलायचा.

‘ग्रोथ, लेफ्ट बक्कल म्युकोसा’ एवढंच लिहून फॉर्म येतो. किती दिवसांपासून, आधी शेक झाला का, हाडाला लागलंय का, काही नाही. क्युनिक्युलेटम नावाचा प्रकार अशा फॉर्मवर कधीच सापडत नाही. एअर्ड आणि सहकाऱ्यांनी १९५४ साली तो प्रथम पायाच्या तळव्यावर वर्णन केला आणि सशाच्या बिळांवरून नाव दिलं. तोंडात तो हिरडीवर किंवा टाळूवर येतो आणि केराटिनने भरलेल्या बोगद्यांनी हाडात शिरतो. पेशी इथेही सभ्यच. अशा रुग्णाची कथा ठरावीक असते: दात हलला, काढला, खड्डा भरला नाही, पू येत राहिला, गोळ्यांचे कोर्स झाले, पुन्हा खरवडलं. प्रत्येक खरवडीत पू, केराटिन आणि सूज. स्लाइड एकटी पाहिली तर गळूच वाटेल. एक्स-रेत खाल्लेलं हाड आणि ही कथा शेजारी ठेवली की बोगदे दिसू लागतात. हल्ली दंतवैद्य व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात. माझ्या मते, आमच्या विभागात आलेल्या महागड्या यंत्रांपैकी एकानेही या फोटोंइतकी मदत केलेली नाही.

५. तोंड-घशाच्या अस्तरावर लांबट पेशींचा कॅन्सर दिसला, तर सार्कोमा शेवटी आठवायचा.

एका एसटी कंडक्टरचा आवाज बसला होता. बिडी जुनी. स्वरतंतूवर देठ असलेली गाठ. कान-नाक-घसावाल्यांनी ती मुळासकट काढून पाठवली. स्लाइडवर वरची त्वचा झिजून गेलेली, खाली लांबट, वेड्यावाकड्या, मोठ्या केंद्रकांच्या पेशी. रेसिडेंटने सार्कोमा, म्हणजे अस्तराखालच्या मांस-हाडासारख्या ऊतींचा कॅन्सर, सुचवला, आणि दिसत होतंही तसंच. पण स्वरयंत्राच्या अस्तरातून खरा सार्कोमा क्वचितच उगवतो. अशा जागी ती गाठ बहुधा स्क्वेमस कॅन्सरच असते, फक्त पेशींनी रूप बदललेलं असतं: हाच स्पिंडल सेल प्रकार. पुरावा शोधायचा तो देठाशी, जिथे थोडी त्वचा शाबूत राहते. ब्लॉक आणखी खोल कापले, तेव्हा देठाच्या कडेला बिघडलेल्या स्क्वेमस त्वचेची चिंचोळी पट्टी मिळाली. तेवढ्याने निदान पालटलं.

इथे रेसिडेंटला नेहमी वाटतं की केराटिनचा आयएचसी, म्हणजे ठरावीक प्रथिन अँटिबॉडीने रंगवून दाखवणारा स्टेन, लावला की झालं. या गाठींत कितीदा तरी केराटिन निगेटिव्ह येतं. पी ६३, पी ४० लावून पाहावं, पण तेही नाही आलं म्हणून कॅन्सर रद्द होत नाही. उलट बाजूही ध्यानात हवी: ओरडून घसा खराब झालेल्या माणसाच्या स्वरतंतूवरची जखम, किंवा शेक झालेल्या घशातल्या सुजलेल्या फायब्रोब्लास्ट पेशी, याही भयंकर दिसतात. कंडक्टरचं पुढे चांगलं झालं. स्वरतंतूवरच्या, देठाच्या, खोल न शिरलेल्या गाठींचं बहुतेकदा होतं.

६. बेसलॉइड म्हटलं की आधी जागा विचारायची.

बेसलॉइड स्क्वेमस १९८६ साली वेगळा वर्णिला गेला. गडद केंद्रकांच्या पेशींची गच्च बेटं, मध्ये मेलेल्या पेशींचा चुरा. खालचा घसा, जिभेचं मूळ, स्वरयंत्राचा वरचा भाग या याच्या जागा. रुग्ण येतो तो बहुधा मानेला गाठ घेऊनच. त्याला अ‍ॅडिनॉइड सिस्टिक किंवा न्यूरोएंडोक्राइन समजण्याची चूक पुस्तकांतही नोंदलेली आहे, आणि ती महागात पडते, कारण उपचारांचा रस्ताच वेगळा.

पण हाच चेहरा टॉन्सिलवर एचपीव्ही विषाणूमुळे आला असेल, तर रोग्याचं भविष्य बरंच चांगलं असतं. म्हणून टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाला पी १६ हा आयएचसी लावायचा. किमान ७० टक्के पेशींत ठळक रंग आला तर पॉझिटिव्ह. आणि गालाला तो लावायचा नाही. आपल्याकडच्या गालाच्या कॅन्सरचं कारण तंबाखू-सुपारी हेच; तिथे पी १६ पॉझिटिव्ह आला तरी त्यावरून विषाणू सिद्ध होत नाही, आणि रुग्णाला खोटा दिलासा मिळतो. तरी कुणीतरी कॉन्फरन्सहून येतो आणि महिनाभर सगळ्यांना पी १६ मागवतो.

७. स्वस्त स्टेन आधी.

अ‍ॅकँथोलायटिकमध्ये पेशींची एकमेकींवरची पकड सुटते आणि मधली पोकळी ग्रंथीसारखी भासते. अ‍ॅडिनोस्क्वेमसमध्ये ग्रंथी खऱ्या असतात, त्यात म्युसिन असतं, आणि तो बराच आक्रमक आहे. फरक म्युसिकार्मिनने कळतो. जुना स्टेन, कुठल्याही लॅबमध्ये होतो. सरकारी दवाखान्यात आयएचसीची प्रत्येक अँटिबॉडी कुणाच्या तरी खिशाला पडते, म्हणून हा क्रम. अ‍ॅडिनोस्क्वेमस आणि म्यूकोएपिडर्मॉइड यांच्यात घोटाळा झाला, तर वरची त्वचा पाहा: तिथेच बिघाड सुरू झालेला असेल तर कौल अ‍ॅडिनोस्क्वेमसला.

८. पॅपिलरीबद्दल एवढंच: झुबके बघून व्हेरुकस म्हणू नका. पॅपिलरीत झुबक्यांच्या पेशी तळापासून वरपर्यंत बिघडलेल्या असतात.

९. तरुण, तंबाखू नाही, नाकातली किंवा सायनसमधली गाठ आठवड्या-आठवड्याला वाढते आहे: नट कार्सिनोमा मनात आणायचा.

पेशी लहान, एकसारख्या, आणि मध्येच अचानक केराटिनचं बेट. बहुधा १५ आणि १९ या क्रोमोसोमच्या अदलाबदलीने होतो. नट प्रोटीनचा एक आयएचसी निदान देतो. उपचार फारसे हाती नाहीत; बरेच रुग्ण वर्षही काढत नाहीत. मग निदान कशाला, असं एका हुशार विद्यार्थ्याने विचारलं होतं. कारण घरच्यांना वेळ किती आहे ते कळतं, आणि पाठोपाठच्या फोल शस्त्रक्रिया टळतात.

१०. रिपोर्टवरचं ‘रेअर व्हेरियंट’ मोबाइलवर उघडलं जातं, हे लिहितानाच धरून चालायचं.

आमच्या खिडकीशी एक मुलगा आला. वडिलांचा रिपोर्ट हातात, डोळे लाल. “मॅडम, रेअर आहे म्हणते. म्हणजे इलाजच नाही ना?” वडिलांना व्हेरुकस होता, सगळा तपासलेला, निखळ. या कुळातला सगळ्यात सौम्य. त्याला बसवून सांगितलं, की दुर्मीळ म्हणजे वाईट असं नाही. तुझ्या बाबांची मानसुद्धा कापावी लागली नाही ती यामुळेच. त्यानंतर मी रिपोर्टखाली साध्या भाषेत एक ओळ घालू लागले: या प्रकाराचं वागणं साध्या स्क्वेमससारखं, त्याहून सौम्य, की त्याहून आक्रमक. पुस्तकात अशी ओळ नाही. काही सहकाऱ्यांना ती पोरकट वाटे. सर्जन मात्र पहिल्यांदा तीच वाचत.

हे लिहिताना एक पथ्य पाळायचं. नाव कितीही नवलाईचं असो, मार्जिन, खोली, नसेभोवतीचा शिरकाव, लिम्फ नोड आणि त्यांच्याबाहेर फुटलेला कॅन्सर, हे सगळं तितक्याच ठळकपणे यायला हवं. उपचार त्यावरच ठरतात, आणि बहुतेक दुर्मीळ प्रकारांचे उपचार आजही साध्याचेच असतात. दुर्मीळ नाव सापडल्याच्या आनंदात मार्जिन लिहायचं राहून गेलेले रिपोर्ट मी पाहिले आहेत.

११. मुंबईला जाताना ब्लॉक मागून घ्या.

हे रुग्णांसाठी. दुसरं मत घ्यायला लोक टाटाला जातात, तेव्हा रिपोर्टची झेरॉक्स, स्कॅनच्या फिल्म आणि स्कीमचे कागद पिशवीत असतात. स्लाइड्स आणि ब्लॉक इथेच राहतात. या दुर्मीळ प्रकारांत दुसरं मत झेरॉक्सवर देता येत नाही. ब्लॉक असला की तिथे नवे काप, नवे आयएचसी होतात. नसला की पुन्हा बायोप्सी, किंवा कुणाला तरी रात्रीच्या गाडीने परत पाठवणं. लॅबमध्ये अर्ज द्या, सही करा, ब्लॉक मिळतो. तो तुमच्या माणसाच्या शरीराचा भाग आहे, मागायला संकोच नको. ब्लॉकवरचा नंबर फॉर्मशी जुळतो का, ते तिथेच पाहून घ्या. आणि तो मेणाचा असतो. साधारण ५६ ते ६० अंशांना वितळणारं पॅराफिन. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडून निघणार असाल, तर उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. डब्यात घालून जेवणाच्या पिशवीत, पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवा.